वरच्या अंगाला

रात्रभर कॉम्प्रेसर टाकीत हवा कोंबत राहतो,
तेव्हा कुठे सकाळी बावीस सेकंदांचा वारा मिळतो.
हा हिशेब अर्मासने पहिल्याच दिवशी सांगितला,
थर्मासमधली कॉफी झाकणात ओतत,
आणि वर म्हणाला, "संसारही असाच असतो, इंकेरी."
मला तेव्हा ते खोटं वाटलं. आताही थोडं वाटतं.

बाहेर तळं गोठलेलं. उणे पंचवीस.
अशा थंडीत आवाजसुद्धा जड पायांनी चालतो,
सेकंदाला तीनशे सोळा मीटर.
बर्चला पालवी फुटून ऊन तापलं की तीनशे त्रेचाळीस.
दाब वाढवा, उतरवा, त्याचं त्याला सोयरसुतक नाही.
त्याला फक्त ऊब कळते.

आवाज म्हणजे हवेने हवेला दिलेली चाहूल.
मागचा कण पुढच्याला कोपर मारतो:
येतंय कुणीतरी, सरकून घे.
म्हणून सावकाश येणाऱ्यापुढे हवा
आधीच बाजूला झालेली असते,
बर्फातल्या एकेरी वाटेवर समोरून म्हातारी दिसली
की आपण होतो तशी.

आमच्या बोगद्याला एक गळा आहे,
माझ्या दोन तळहातांएवढा.
तिथवर हवा नदीसारखी वागते:
वाट चिंचोळी, तेवढी धाव जास्त.
गळ्यात ती नेमका आवाजाचा वेग गाठते,
आणि पुढे वाट रुंदावते तेव्हा
नदी असती तर मंदावली असती.
ही आणखी पळते.
मी कागदावर तीनदा सोडवून पाहिलं. तिन्ही वेळा पळाली.

पळताना अंगातली ऊब खर्चून टाकते,
उणे एकशे दहापर्यंत.
ओल राहिली तर काचेमागे नुसतं धुकं.
म्हणून आधी तिला कोरडी करायची;
निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले
की अर्मास ते भट्टीत भाजतो,
कॉफीच्या बिया भाजाव्यात तसे, मान वाकडी करून, वास घेत.
त्यांना वास नसतो.

आणि गळ्याच्या खालच्या अंगाला काहीही करा,
पंप लावा, झडपा उघडा, ऊर फुटेतो ओरडा,
वरच्या अंगाला पत्ता लागत नाही.
सांगावा आवाजाच्या पायांनी निघतो,
प्रवाह त्याला त्याहून भरभर मागे ओढून नेतो.

मंगळवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी,
फोनचा हिरवा दिवा लुकलुकला.
ओउलूचं इस्पितळ. कुणी बाई, दमलेल्या आवाजाची:
तौनो पहाटे गेले. त्यांच्या भावाला सांगाल का?

काचेपलीकडे अर्मास, कानांवर टोप्या, पाठमोरा.
त्याने अंगठा वर केला
आणि झडप उघडली.

पोलादी पाचरीच्या टोकावरून दोन काळ्या रेघा उभ्या राहिल्या.
त्या हवेला पाचरीची चाहूल नव्हती.
रेघेच्या अलीकडे एक हवा,
केसभर पलीकडे दुसरीच:
दाटलेली, तापलेली, वळवलेली.
मधे काही नाही. पायरी नाही, उतार नाही.

लाल बटण माझ्या हाताशी होतं.
मी रिसीव्हर छातीशी धरून उभी राहिले.
आठ. नऊ. दहा.
तो अजून भाऊ असलेला माणूस होता.
सकाळीच म्हणाला होता, वसंतात दोघं मिळून
होडीचा तळ डांबरणार. डांबर आणून ठेवलंय.
सतरा. अठरा.
रात्रभर भरलेली टाकी होती ती. त्याची.

मग काटा घसरला,
रेघा थरथरल्या, पाचरीवरून पुसल्या गेल्या,
गळा सैल पडला
आणि खोली परत दोन्हीकडून ऐकू लागली.
कानांच्या टोप्या काढत तो वळला:
"काय रेघा आल्या गं! पाहिल्यास ना?"

आमच्यात चार मीटर.
कोमट खोलीत आवाजाला
सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

मी आधी कॉफी ओतली.